विश्लेषण : दीडशेचा पाना की दीड हजाराचा? जुन्नर-आंबेगावच्या गॅरेजमध्ये युरोपीय हत्यारांचा हिशेब काय सांगतो?

एकाच मापाचा पाना. एक दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो, दुसऱ्याला त्याच्या जवळपास दहापट पैसे पडतात. जर्मन, स्वीडिश, फ्रेंच हत्यारांचे एवढे कौतुक का? ती जुन्या बाजारात शोधून गोळा करणारे नेमके काय पाहतात? आणि ट्रॅक्टर, मोटारपंप, फवारणी यंत्रांवर काम करणाऱ्या मेकॅनिकला त्यातून काय घेण्यासारखे आहे?

हंगाम ऐन भरात आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोहोचवायचे आहेत आणि ट्रॅक्टर बांधावरच उभा आहे. बिघाड तसा किरकोळ, पंप खोलून एक सील बदलायचे. पण एक बोल्ट गंजून बसलेला. पाना लावला, जोर दिला, पाना घसरला आणि नटाचे कोपरे गोल झाले. आता त्या नटावर कुठलाच पाना बसत नाही. मग छिन्नी, हातोडी, शेवटी वेल्डिंगवाला. वीस मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो. मेकॅनिकला मजुरी वीस मिनिटांचीच मिळते, शेतकऱ्याचा बाजार मात्र चुकतो.

हा प्रसंग जुन्नर, आंबेगावमधल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला नवा नाही. दोष बहुतेक वेळा गंजावर जातो. प्रत्यक्षात अनेकदा गुन्हेगार हातातला पानाच असतो.

हा प्रश्न या भागात एवढा महत्त्वाचा का?

कुकडी, मीना आणि घोड नद्यांच्या खोऱ्यात बागायती शेती मोठी आहे. टोमॅटो, द्राक्ष, ऊस, कांदा, भाजीपाला. या सगळ्यामागे यंत्रांची रांग उभी असते. विहिरीवरचे मोटारपंप, फवारणीचे ब्लोअर, पॉवर टिलर, बागेतले छोटे ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या. जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. गाळप सुरू झाले की ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरला उसंत नसते. त्यातच पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा जातो. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ट्रकपासून मोपेडपर्यंत सगळेच येते.

आणखी एक कारण इथलेच आहे. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रपाळीने येते आणि उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो. अंधारात विहिरीवर पंप खोलून बसण्याची वेळ कोणालाच नको असते. काम दिवसाउजेडी, पहिल्याच प्रयत्नात आणि नट न बिघडवता होणे ही इथे चैन नाही.

पाना आणि नट यांच्यात नेमके काय घडते?

तेरा नंबरच्या बोल्टचे डोके प्रत्यक्षात बरोबर १३ मिलिमीटर नसते. प्रमाणानुसार ते १२.७३ ते १३.०० मिलिमीटर असू शकते. त्यावर बसायचे म्हणून पान्याचे तोंड १३ पेक्षा किंचित मोठे ठेवावे लागते. हे 'किंचित' म्हणजे किती, यातच सगळा खेळ आहे. पान्याच्या तोंडाच्या मापात किती फरक चालेल हे आयएसओ ६९१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात ठरवून दिले आहे. चांगला कारखाना या मर्यादेच्या आत, शक्य तितक्या खालच्या टोकाला राहतो. स्वस्त पाना मर्यादेच्या वरच्या टोकाला किंवा बाहेरच असतो.

तोंड मोठे असले की पाना नटावर थोडा फिरतो आणि मग टेकतो. तेव्हा तो नटाच्या सपाट बाजूला टेकत नाही, कोपऱ्याला टेकतो. सगळा जोर त्या बारीक कोपऱ्यावर येतो. कोपरा दबतो आणि नट गोल होतो. यावर उपाय म्हणून अनेक नामांकित कंपन्यांच्या रिंग पान्यात आणि गोटीत आतले कोपरे गोलाई देऊन मागे घेतलेले असतात. त्यामुळे जोर कोपऱ्याऐवजी सपाट बाजूवर पडतो. आधीच थोडा गोल झालेला नटही अशा पान्याने अनेकदा सुटतो.

दुसरी गोष्ट पोलादाची. पाना फार कडक केला तर तडकतो, फार मऊ ठेवला तर तोंड फाकते. क्रोम-व्हॅनेडियम पोलाद तापवून साच्यात ठोकणे, ते तेलात विझवून कडक करणे आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणे, असे टप्पे असतात. गावच्या लोहाराला हे पाणी देण्याचे शास्त्र ठाऊक असते. कारखान्यात फरक एवढाच, की हजारावा पानाही पहिल्यासारखाच उतरावा लागतो. महाग हत्याराचे बरेच पैसे या सातत्याचे असतात.

पान्याची लांबीसुद्धा उगाच ठरलेली नसते. सतरा नंबरचा पाना साधारण २० सेंटिमीटर लांब असतो. माणसाने हाताने २५ किलोचा जोर दिला तर बोल्टवर सुमारे ५० न्यूटन-मीटर पीळ पडतो. ८.८ ग्रेडच्या १० मिलिमीटर बोल्टला साधारण एवढाच पीळ लागतो. म्हणजे पाना हाच एक अंदाजे मोजमापाचा काटा असतो. त्यावर पाइप चढवून लांबी दुप्पट केली की पीळही दुप्पट होतो आणि बोल्टचे आटे जातात.

युरोपीय हत्यारे म्हणजे नेमकी कोणती?

हत्यारांच्या शौकिनांच्या तोंडी असलेली बरीच जर्मन नावे एकाच छोट्या पट्ट्यातली आहेत. पश्चिम जर्मनीतील वुपरटाल, रेमशाइड आणि झोलिंगेन ही शेजारची शहरे. डोंगराळ भाग, भरपूर ओढे. त्या पाण्यावर चालणारे घण आणि धारेची चाके यांतून तिथला लोखंडकामाचा धंदा वाढला. क्ष-किरणांचा शोध लावणारे विल्हेल्म राँटगेन यांचा जन्मही रेमशाइडच्या लेनेप भागातलाच.

श्टालविले ही कंपनी १८६२ मध्ये, हाझेट १८६८ मध्ये, क्निपेक्स १८८२ मध्ये, गेडोर १९१९ मध्ये आणि वेरा १९३६ मध्ये सुरू झाली. यातली हाझेट आणि गेडोर रेमशाइडची, बाकीच्या वुपरटालच्या. हाझेट हे नाव संस्थापक हेर्मान झेर्फर यांच्या एच आणि झेड या आद्याक्षरांच्या जर्मन उच्चारातून आले. क्निपेक्स म्हणजे पक्कड, वेरा म्हणजे स्क्रू ड्रायव्हर आणि बिट, श्टालविले म्हणजे पाने आणि टॉर्क रेंच, अशी त्यांची साधारण ओळख आहे.

स्वीडनची बाको ही आपल्या स्क्रू पान्याची, म्हणजे तोंड कमी-जास्त करता येणाऱ्या पान्याची माहेरघर मानली जाते. एन्शोपिंग गावातल्या योहान पेटर योहान्सन यांनी १८८८ मध्ये पाइप पान्याचे आणि पुढे १८९२ मध्ये या पान्याचे पेटंट घेतले. त्यांच्या नावावर शंभरहून अधिक पेटंट आहेत. युरोपातील काही देशांत या पान्याला आजही 'स्वीडिश' म्हणूनच ओळखतात. फ्रान्सची फाकोम १९१८ ची. स्वित्झर्लंडची पीबी स्विस टूल्स स्क्रू ड्रायव्हरसाठी, इटलीची बेटा गॅरेजच्या संपूर्ण संचासाठी आणि स्लोव्हेनियाची युनिअर त्यामानाने परवडणाऱ्या हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे.

मात्र नाव युरोपीय म्हणून माल युरोपातच बनला असेल, असे आता राहिलेले नाही. बाको १९९९ पासून अमेरिकेच्या स्नॅप-ऑन समूहात आहे, तर फाकोम अमेरिकेच्याच स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे आहे. काही युरोपीय कंपन्यांच्या स्वस्त मालिका आशियात बनतात. म्हणून नावाबरोबर हत्यारावरचा देशाचा शिक्काही वाचावा लागतो.

'मेड इन जर्मनी'चा शिक्का कसा आला?

हा शिक्का मुळात बदनामीसाठी होता. एकोणिसाव्या शतकात जर्मन कारखान्यांतला स्वस्त माल इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या नावाने खपत असल्याची ओरड होती. त्यावर ब्रिटिश संसदेने १८८७ मध्ये कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव टाकणे भाग पाडले. ग्राहकाने सावध व्हावे हा हेतू होता. पुढे जर्मन मालाचा दर्जा सुधारत गेला आणि तीच खूण लोक शोधून घेऊ लागले. आज स्वस्त म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मालाचे उद्या काय होईल, याचे हे चांगले उदाहरण आहे.

गोळा करणाऱ्यांना या शिक्क्याचा आणखी एक उपयोग होतो. पान्यावर 'वेस्ट जर्मनी' कोरलेले असेल तर तो १९४९ ते १९९० या काळातला, हे उघड आहे. जर्मनी एक झाल्यावर ते नाव गेले.

या हत्यारांचा पुणे जिल्ह्याशी संबंध काय?

संबंध जुना आहे. स्वातंत्र्यानंतर पुणे परिसरात आलेली अनेक यंत्रे युरोपीय तंत्रज्ञानाची होती. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली आणि पुढे पिंपरीत कारखाना उभारला. आकुर्डीला बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर काढली. बजाज टेम्पोची तीनचाकीही जर्मन वळणाची. सँडविक, एसकेएफ, अल्फा लावाल या स्वीडिश कंपन्यांनी याच पट्ट्यात कारखाने काढले. यंत्रे आली तशी त्यांची हत्यारेही आली. कारखाने बदलले, यंत्रे मोडीत निघाली आणि हत्यारे भंगारात गेली. पुण्यातल्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथारीवर पान्यांचे ढीग दिसतात, त्यात अधूनमधून एखादे जर्मन किंवा इंग्लिश नाव सापडते ते यामुळेच.

दुसरा धागा नाशिकचा. पुणे-नाशिक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपूर एमआयडीसीत तापडिया टूल्सचा कारखाना आहे. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये ज्यांची पक्कड असते ती हीच कंपनी. तिने १९६९ मध्ये स्वीडनमधील एका नामांकित हत्यार कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानेच उत्पादन सुरू केले होते. गेडोरचे नावही भारतात बनलेल्या पान्यांवर अनेक वर्षे होते, पुढे ती कंपनी झालानी टूल्स झाली. म्हणजे 'देशी की युरोपीय' हा वाद वाटतो तेवढा सरळ नाही. अनेक देशी हत्यारांची घराणी युरोपातच निघतात.

बारा, तेरा, चौदा की सतरा? नंबरांचा गोंधळ का होतो?

एकाच जाडीच्या बोल्टचे डोके वेगवेगळ्या देशांच्या प्रमाणात वेगळे असते. मेकॅनिकच्या पेटीत एवढे पाने का लागतात, याचे उत्तर इथे आहे.

- ८ मिलिमीटरचा बोल्ट : जर्मन आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणात १३ चा पाना, जपानी यंत्रात बहुधा १२ चा.
- १० मिलिमीटरचा बोल्ट : जुन्या जर्मन प्रमाणात १७ चा, आंतरराष्ट्रीय प्रमाणात १६ चा, जपानी यंत्रात बहुधा १४ चा.
- १२ मिलिमीटरचा बोल्ट : जुन्या जर्मन प्रमाणात १९ चा, आंतरराष्ट्रीय प्रमाणात १८ चा, जपानी यंत्रात बहुधा १७ चा.

आता शेतातल्या यंत्रांकडे पाहा. आयशरची सुरुवात जर्मन ट्रॅक्टरपासून झाली, एचएमटीने १९७१ मध्ये चेक झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढला. तिथे १३, १७, १९ ही मापे घरची. द्राक्षबागेत फिरणारे जपानी वळणाचे छोटे ट्रॅक्टर आणि टिलर यांना १२ आणि १४ लागतात. मॅसी फर्ग्युसनसारख्या ब्रिटिश वळणाच्या जुन्या ट्रॅक्टरवर इंची माप सापडते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना 'बसतो', पण सैल बसतो आणि नट गोल व्हायला तेवढे पुरते. पाऊण इंच आणि १९ मिलिमीटर मात्र इतके जवळ आहेत की तिथे काम निभते.

सर्वांत जास्त फसवतो तो जुना इंग्लिश पाना. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण मांडले. जुन्या ऑइल इंजिनांवर आणि जुन्या बुलेटवर ते भेटते. या पान्यावरचा आकडा तोंडाचे माप सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. जुन्या पान्यावर '१/२ डब्ल्यू' लिहिलेले असेल तर तोंड अर्धा इंच नसते, सुमारे २३ मिलिमीटर असते. एकाच तोंडावर '७/१६ डब्ल्यू' आणि '१/२ बीएस' असे दोन आकडे दिसले तर ती छपाईची चूक नाही. दोन वेगळ्या आट्यांच्या बोल्टना डोके एकाच मापाचे असते, म्हणून तसे लिहिलेले असते. आजोबांच्या काळातल्या इंजिनाबरोबर आलेला असा पाना घरात असेल तर तो मोडीत घालू नये. त्या इंजिनाला दुसरा कुठला पाना नीट बसणार नाही.

फुलीच्या स्क्रूचेही असेच आहे. जपानी वळणाच्या दुचाकीवरचा फुलीचा स्क्रू आणि नेहमीचा फिलिप्स स्क्रू दिसायला सारखे असतात, पण घडण थोडी वेगळी असते. जपानी स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. त्यावर नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर जोराने फिरवला तर फुली फाटते. कार्ब्युरेटरचे स्क्रू बिघडतात ते बहुतेक असेच.

जुन्या बाजारात चांगला पाना कसा ओळखायचा?

हत्यारे जमवणारे नावाआधी पुढील गोष्टी पाहतात.

तोंड : पाना उजेडात धरून दोन्ही जबडे समांतर आहेत का ते पाहावे. पुढून फाकलेले तोंड म्हणजे पाना जोर खाऊन थकलेला आहे. खिशात एक नवा १३ चा आणि एक १७ चा बोल्ट ठेवावा, लावून किती हलतो ते लगेच कळते.

अक्षरे : चांगल्या जुन्या हत्यारावर नाव आणि माप साच्यातच उठवलेले किंवा खोल ठोकलेले असते. वरवर छापलेले किंवा एखाद्या प्रसिद्ध नावात एक अक्षर इकडेतिकडे केलेले दिसले तर पुढे जावे. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे कोणीही ठोकू शकतो. तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

मुलामा : क्रोमचे पापुद्रे सुटले असतील तर ते हाताला कापतात. नुसता वरचा गंज मात्र घाबरण्यासारखा नसतो. रॉकेल, बारीक वायर ब्रश आणि नंतर तेलाचे बोट एवढ्याने तो जातो.

आग आणि वेल्डिंग : जांभळट-निळसर झाक असलेला, कापून जोडलेला किंवा वाकवून टी पाना केलेला माल घेऊ नये. तापवल्यावर पोलादाचे पाणी उतरते. अशा पान्यावर कितीही मोठे नाव असले तरी तो मऊ लोखंडाचा तुकडा झालेला असतो.

रॅचेट : दांडा हळूहळू फिरवून आवाज ऐकावा. ७२ दात्यांचा रॅचेट दर ५ अंशांना पकडतो, त्यामुळे अडचणीच्या जागी उपयोगी पडतो. मध्ये एकही टप्पा सुटत असेल तर तो जोराच्या वेळी घसरून बोटे फोडणार.

किंमत दहापट, मग कामही दहापट होते का?

नाही. चांगला देशी पाना आणि महाग जर्मन पाना यांच्यातले अंतर, बिनानावाचा पाना आणि चांगला देशी पाना यांच्यातल्या अंतरापेक्षा खूपच कमी आहे. बिनानावाच्या पान्यावरून चांगल्या देशी पान्यावर जाताना थोडे पैसे वाढतात आणि नट गोल होण्याचा त्रास बराच संपतो. तिथून युरोपीय पान्यावर जाताना पैसे खूप वाढतात आणि फायदा हळूहळू मिळतो. पातळ पण मजबूत रिंग अडचणीच्या जागी जाते, हात कमी दुखतो, पाना वर्षानुवर्षे तोंड राखतो.

हा फायदा कोणाला वसूल होतो? जो दिवसातून पन्नास वेळा तोच पाना उचलतो त्याला. घरी महिन्यातून एकदा मोटारसायकलची चेन आवळणाऱ्याला नाही. 'आयुष्यभराची हमी' या शब्दांचाही विचार करावा. हमी खरी असली तरी तुटलेला पाना अधिकृत विक्रेत्यामार्फत बदलून घ्यावा लागतो आणि तालुक्याच्या ठिकाणी असा विक्रेता मिळेलच असे नाही. जुन्या बाजारातल्या मालाला तर हमी लागू होण्याची आशाच नको.

काही कामांत मात्र अंदाज चालत नाही. इंजिनाच्या हेडचे बोल्ट कमी-जास्त आवळले गेले तर गॅस्केट जाते, हेड वाकते. तिथे टॉर्क रेंच हवाच. आयएसओ ६७८९ या प्रमाणानुसार नेहमीच्या क्लिक होणाऱ्या रेंचचा फरक साधारण अधिक-उणे ४ टक्क्यांत असावा लागतो आणि वर्षाला किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घ्यावा लागतो. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सैल करून ठेवणे आणि त्याने जाम नट न खोलणे एवढी पथ्ये पाळली तर मध्यम किमतीचा रेंचही चांगला टिकतो.

विजेच्या कामात तडजोड का नको?

आतापर्यंतचा हिशेब नट आणि वेळेचा होता. मोटारपंपाच्या पेटीत हिशेब जिवाचा असतो. थ्री फेज पंपाला ४१५ व्होल्टचा पुरवठा असतो, पायाखाली चिखल असतो आणि हातात लाल-पिवळी मूठ असलेली पक्कड असते. ती मूठ पाहून अनेकांना वाटते की आपण सुरक्षित आहोत. साधी प्लास्टिकची मूठ ही हात घसरू नये म्हणून असते. विजेपासून वाचवण्याची तिची परीक्षा झालेली नसते.

खऱ्या इन्सुलेटेड हत्याराला आयईसी ६०९०० हे प्रमाण लागू होते. अशा हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि '१००० व्ही' असे लिहिलेले असते. ते १,००० व्होल्टपर्यंत वापरायचे असले तरी कारखान्यात प्रत्येक नग १०,००० व्होल्टला तपासला जातो. जर्मन हत्यारांवर दिसणारी 'व्हीडीई' ही खूण तिथल्या स्वतंत्र तपासणी संस्थेची आहे. मुठीला चीर गेली, ती वितळली किंवा सैल झाली की हे हत्यार बाद समजायचे, टेप गुंडाळून वापरायचे नाही. आणि हातात कितीही चांगली पक्कड असली तरी आधी पुरवठा बंद करून टेस्टरने खात्री करणे टळत नाही.

गावोगावचे वायरमन, मोटार रिवायंडिंगवाले आणि पंप काढणारे यांच्यासाठी पहिला महागडा खर्च हाच असायला हवा. एक पक्कड, एक कटर आणि दोन स्क्रू ड्रायव्हर. त्या मानाने भिंतीवर टांगलेला चकचकीत पान्यांचा संच नंतर आला तरी चालतो.

भारत या धंद्यात मागे का?

नीती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये हत्यार उद्योगावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार हातहत्यारांच्या जागतिक व्यापारात चीनची निर्यात सुमारे १३ अब्ज डॉलरची आहे. भारताची सुमारे ६० कोटी डॉलर, म्हणजे जेमतेम १.८ टक्के. कच्चा माल, व्याज, वाहतूक यामुळे भारतीय मालाला चीनच्या तुलनेत १४ ते १७ टक्के खर्च जास्त पडतो, असेही त्यात म्हटले आहे. जालंधर, लुधियाना, नागौर ही आपली हत्यारांची मोठी केंद्रे आहेत आणि तिथले कारखाने परदेशी नावांसाठीही माल बनवतात. म्हणजे बनवता येत नाही, असे नाही. हव्या त्या मापात, प्रत्येक नग सारखा आणि परवडणाऱ्या खर्चात बनवणे हा प्रश्न आहे.

कमी खर्च म्हणजे कमी दर्जा, हेही खरे नाही. त्याचे उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडदजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्याही ताणलेल्या तारांच्या जाळीची हलकी, स्वस्त पण मोजून-मापून केलेली रचना वापरून. खर्च वाचवला तो आराखड्यात, अचूकतेत नाही. हत्यारांच्या बाबतीत जर्मन आणि स्वीडिश कारखान्यांनी शंभर वर्षे जपले ते हेच.

मग पैसे कुठे घालावेत?

सगळा संच युरोपीय घेण्याची गरज बहुतेकांना नाही. क्रम असा लावता येतो.

- विजेचे काम असेल तर सर्वांत आधी १,००० व्होल्टची खूण असलेली हत्यारे. नवीच घ्यावीत, जुन्या बाजारातली नकोत.
- रोज लागणाऱ्या चार-पाच मापांचे रिंग पाने आणि सहा कोनी गोट्या जमतील तेवढ्या उत्तम दर्जाच्या. १०, १२, १३, १४, १७ आणि १९ पैकी आपल्याकडे कुठली यंत्रे जास्त येतात ते पाहून निवड करावी.
- स्क्रू ड्रायव्हर, बिट आणि एलन की यांची टोके लवकर झिजतात. इथे चांगला माल त्यामानाने थोडक्या पैशांत येतो आणि फरक लगेच दिसतो.
- हातोडी, छिन्नी, पाइप पाना, क्वचित लागणारी मोठी मापे चांगल्या देशी कंपनीची पुरेशी आहेत.
- जाम नटावर आधी गंज सोडवणारे तेल, मग सहा कोनी रिंग, शेवटी डबल पाना. स्क्रू पाना जाम नटावर लावूच नये. लावायची वेळ आलीच तर जोर त्याच्या हलत्या जबड्याकडच्या दिशेने, म्हणजे मुख्य भार पक्क्या जबड्यावर येईल असा द्यावा.

आयटीआयमधून बाहेर पडणारा एखादा मुलगा मंचर किंवा ओतूरला टपरीवजा गॅरेज टाकतो तेव्हा त्याच्याकडे भांडवल थोडे असते. चाळीस नगांचा चकचकीत स्वस्त संच त्याला खुणावतो. त्याच पैशांत सहा चांगले पाने येतात. चाळीसपैकी रोज हातात येतात तेही सहाच. पहिल्या हंगामात गोल न झालेले नट हीच त्याची जाहिरात ठरते.